स्वामी रामानंद तीर्थ आणि बेगमीचे ते वर्ष

मराठवाड्यातील जुन्या माळवदी घरांतून आजही कोठे कोठे भिंतीत बांधलेले बळद पाहावयास मिळते. वरच्या तोंडाने ज्वारी ओतावयाची, खालच्या लहानशा भोकातून लागेल तशी काढून घ्यावयाची आणि पुन्हा चिंधीचा बोळा लावून ठेवावयाचा, अशी ही साधी रचना. त्याच्या जोडीला तुरकाठ्यांची शेणाने लिंपलेली कणगी, मडक्यांची उतरंड आणि सधन कुटुंब असेल तर जमिनीत खणलेले पेव. वर्षाची बेगमी करून ठेवणे हा संसाराचा पहिला धडा समजला जाई. आपल्या समाजात तर चातुर्मास लागण्यापूर्वी पापड, वड्या, कडधान्ये यांची तयारी करून ठेवणे ही कुळरीतच होती. अशा बेगमीत शहाणपण असते, भीती नसते. परंतु १९४७ च्या पावसाळ्यापासून १९४८ च्या पावसाळ्यापर्यंत निजामाच्या राज्यातील आपल्या भागाने जी बेगमी केली ती वेगळी होती. उद्या मीठ मिळेल काय, घरातील रुपया उद्या चालेल काय, कणगीतील दाणे रात्रीतून कोण उचलून नेईल, या धास्तीपोटी ती केलेली होती. त्या वर्षाचा इतिहास वाचताना ज्या पुरुषाचे चरित्र पुनःपुन्हा समोर येते, त्याला स्वतःचे बळद नव्हते, कणगी नव्हती, किंबहुना घरच नव्हते. ते पुरुष म्हणजे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे अध्वर्यू स्वामी रामानंद तीर्थ होत.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. सोलापूर व अमळनेर येथे त्यांचे शिक्षण झाले. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक निवर्तले, तेव्हा वयाची सतरा वर्षेही पूर्ण न झालेल्या या विद्यार्थ्याने आजन्म अविवाहित राहून देशसेवा करण्याची प्रतिज्ञा केली आणि ती शेवटपर्यंत पाळली. पुढे कामगारांचे नेते ना. म. जोशी यांचे सचिव म्हणून त्यांनी काम पाहिले. हातावर पोट असणाऱ्या माणसाच्या घरी आठवड्यापलीकडचा शिधा नसतो, हे त्यांनी मुंबईच्या कामगारवस्तीत जवळून पाहिले असणार. त्यानंतर ते उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून आले. १४ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी संन्यास घेतला आणि ते रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेऊन हिमालयात न जाता ते पुन्हा शाळेतच परतले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१९३५ साली स्वामीजी व त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे अंबाजोगाईस आले. निजामी दप्तरात या गावाचे नाव तेव्हा मोमिनाबाद असे होते. तेथील योगेश्वरी शाळेने बीड जिल्ह्याला स्वातंत्र्यलढ्याचे कार्यकर्ते पुरविले. सिरसाळा, परळी या बाजूच्या मुलांना पुढे शिकावयाचे तर अंबाजोगाईचीच वाट धरावी लागे, त्यामुळे आपल्या परिसरातील जुन्या पिढीला स्वामीजींचे नाव पुस्तकातून कळलेले नव्हते. ते घरातल्या बोलण्यातून कळलेले होते.

त्या काळच्या हैदराबाद संस्थानात सभा भरवावयाची, आखाडा काढावयाचा किंवा खासगी शाळा चालवावयाची तर सरकारी परवानगी लागे. सभांवरील निर्बंधांचा गश्ती निशान ५३ हा हुकूम जुन्या लोकांना तोंडपाठ असे. या हुकुमाचा एक परिणाम सहसा लिहिला जात नाही. चारचौघांत उघड बोलण्यास बंदी असली की माणसे कानात बोलू लागतात आणि कानातून कानात जाणारी बातमी दर गावी थोडी थोडी फुगत जाते. पुढे १९४७-४८ साली टंचाईच्या वावड्या ज्या वेगाने पसरल्या त्यांचे बी येथेच पडलेले होते, असे मला वाटते. शिक्षक असलेले स्वामीजी राजकारणात ओढले गेले तेही याच कारणाने. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली, ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजींना पहिला कारावास घडला. १९४० व १९४२ मध्ये पुन्हा तेच. या तुरुंगवासांचे तपशील अन्यत्र उपलब्ध असल्याने येथे विस्तार करीत नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती दुसऱ्या महायुद्धातील लेव्ही. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यावर तिकडचा तांदूळ बंद झाला. १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसे अन्नावाचून मेली. स्वामीजींच्या जन्मजिल्ह्यात, विजापुरात, १९४२-४३ साली दुष्काळ पडला. अशा वेळी निजाम सरकारने शेतकऱ्याकडून ठरावीक दराने सक्तीने धान्य घेण्यास सुरुवात केली. टंचाईच्या काळात सरकारने धान्य गोळा करावे यात गैर काही नाही. पण लेव्हीचा दर बाजारभावाहून कमी, मोजणी अधिकाऱ्यांच्या मर्जीवर आणि मोठ्या देशमुख-पाटलांची पेवे पाहून न पाहिल्यासारखी. लहान कुणब्याच्या घरी मात्र शिपाई आत येऊन कणगीत काठी घालून पाहत. ज्याच्याकडे पुरेसे पिकले नाही तो बाजारातून चढ्या भावाने ज्वारी विकत घेऊन लेव्ही भरी. याचा परिणाम असा झाला की ज्याने कधी धान्य लपविले नव्हते तोही लपवू लागला. सरकारचा शब्द आणि घरातला दाणा यांच्यात एकदा वैर निर्माण झाले की माणूस दाण्याची बाजू घेतो.

जुलै १९४६ मध्ये स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली. जून १९४७ मध्ये हैदराबादेत मुशिराबाद येथे तिचे पहिले उघड अधिवेशन स्वामीजींच्या अध्यक्षतेखाली झाले. ७ ऑगस्ट १९४७ हा भारतात सामील होण्याच्या मागणीचा दिवस म्हणून पाळला गेला. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी हैदराबादेत तिरंगा फडकावणारे स्वामीजी अटकेत गेले. आंदोलनाच्या कार्यक्रमात शिंदीची झाडे तोडणे, जंगल सत्याग्रह, करोडगिरी नाक्यांवर हल्ले आणि लेव्ही न देणे ही कलमे होती. लेव्ही नाकारण्याचे आवाहन लोकांना मनोमन पटले. मात्र त्याची किंमतही लोकांनीच दिली. लेव्ही दिली तर चळवळीशी द्रोह आणि न दिली तर पोलिसांचा व रझाकारांचा फेरा, अशा कात्रीत गावेच्या गावे सापडली. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा आपल्या शेजारच्या लातूरचा वकील. त्यामुळे या भागाला तो हैदराबादेतील दूरचा पुढारी वाटत नसे.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार व निजाम यांच्यात जैसे थे करार झाला आणि त्या सुमारास स्वामीजींची सुटका झाली. लोकांना क्षणभर हायसे वाटले. परंतु करार झाला तरी बाजार शांत झाला नाही. डिसेंबरमध्ये निजाम सरकारने भारतीय चलनाला आपल्या राज्यात व्यवहारासाठी बंदी केली आणि मौल्यवान धातू बाहेर नेण्यास मनाई केली. पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचे कर्ज दिल्याची वार्ताही त्याच सुमाराची. तेव्हा आपल्याकडे निजामाचा हाली रुपया आणि भारताचा कलदार रुपया असे दोन्ही चालत. शंभर कलदारला साधारण एकशे सोळा हाली हा हिशेब दुकानातल्या मुनीमाला झोपेतही येत असे. आपल्या व्यापाऱ्यांचा माल बार्शी, सोलापूर, अहमदनगर, मुंबई येथून येणार आणि तेथे पैसे द्यावयाचे ते कलदारात. एका फतव्याने हे सारे व्यवहार चोरटे ठरले. ज्याच्याकडे कलदार होते त्याने ते जमिनीत पुरले. ज्याच्याकडे हाली होते त्याला वाटले, निजाम गेला तर याचे काय होणार? मग त्याने हालीचे सोने घेतले, चांदी घेतली, तेही न मिळाले तर ज्वारी घेतली. अशा रीतीने पैशावरील अविश्वास सरळ धान्याच्या पोत्यात जाऊन बसला आणि मोंढ्यात भाव चढले.

मिठाची कथा याहून वेगळी आहे. हैदराबाद संस्थानाला समुद्रकिनारा नव्हता. मीठ यावयाचे ते मुंबईच्या बाजूने, रेल्वेने किंवा बैलगाडीने. करार मोडल्याचे आरोप दोन्ही बाजूंनी होऊ लागले आणि १९४८ च्या पूर्वार्धात भारताच्या बाजूने संस्थानात जाणाऱ्या मालाची कोंडी होऊ लागली. कागदावर ती शस्त्रास्त्रे व तत्सम वस्तूंपुरती होती. प्रत्यक्षात पेट्रोल, यंत्रांचे सुटे भाग, औषधे आणि मीठ यांचीही चणचण भासू लागली. ज्वारी शेतात पिकते, तूर पिकते, करडईचे तेल गावच्या घाण्यावर निघते. मीठ मात्र आपल्या काळ्या जमिनीत उगवत नाही. आणि ते साठविणेही सोपे नाही. पावसाळ्यात त्याला पाणी सुटते, मडके पाझरते, पोते ओले होते. तरीही बायकांनी ते चुलीजवळच्या उबेला, राखेच्या थरावर, कापडात बांधून जपले. माझ्या वडिलांच्या पिढीतील मंडळी सांगत की, त्या वर्षी शेजारणीकडे विरजण मागता येई, विस्तव मागता येई, पण मीठ मागताना जीभ अडखळे. येथे थोडे विषयांतर करून सांगावेसे वाटते की, नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी जाहीर झाल्यावर तीनच दिवसांनी उत्तर भारतात व मुंबईत मिठाच्या टंचाईची अफवा उठली आणि भरल्या बाजारात लोक मिठासाठी तुटून पडले. एवढा मोठा समुद्रकिनारा असलेल्या देशात हे घडले. चलन डळमळले की हात मिठाकडे जातो, हा योगायोग नसावा.

कापडाविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय माझ्याच्याने राहवणार नाही. भारतात जानेवारी १९४८ मध्ये कापडावरील नियंत्रण उठले, भाव भडकले आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात ते पुन्हा लागू करावे लागले. इकडे संस्थानात नांदेडची उस्मानशाही, गुलबर्ग्याची महबूबशाही अशा गिरण्या होत्या, पण सीमेपलीकडून येणारी लुगडी-धोतरे दुर्मीळ झाली. लग्नसराईत ज्यांच्याकडे गाठी होत्या त्यांनी त्या मागच्या खोलीत ठेवल्या. आमच्या व्यापारी वर्गाने त्या वर्षी सर्वत्र निर्मळ हात ठेवले असे लिहिणे सत्याला धरून होणार नाही. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात, परिग्रह-परिमाणात, धन-धान्याची स्वतः ठरविलेली मर्यादा ओलांडणे हा अतिचार मानला आहे. हे व्रत घेतलेल्या माणसाचे गोदाम शांत काळात तपासण्यात अर्थ नसतो. ते तपासावयाचे तर भाव दर आठवड्याला चढत असताना. काही दुकाने त्या कसाला उतरली आणि काही उतरली नाहीत. पण आणखी एक बाजूही नोंदविली पाहिजे. रझाकार दिवसाढवळ्या वर्गणी म्हणून पोती उचलून नेत असता ज्या दुकानदाराने माल दडविला त्याला साठेबाज म्हणावे की सावध म्हणावे, हे ठरविणे आज वाटते तितके सोपे नाही.

ज्यांना शक्य होते त्यांनी बायकामुले सीमेपलीकडे नातेवाइकांकडे धाडली. घरात एक वडीलधारा माणूस, एक कुत्रे आणि बंद पेव. पेव बंद करणे सोपे, उघडणे धोक्याचे. आत कोंडलेली हवा माणसाचा जीव घेते, म्हणून आधी दिवा सोडून पाहावा लागतो. घाईने उघडू नये आणि घाईने विकू नये, अशा या साठ्याला त्या वर्षी पहारा मात्र रात्रंदिवस लागला.

या सर्व काळात स्वामीजी काय करीत होते? २६ जानेवारी १९४८ रोजी त्यांना पुन्हा अटक झाली. १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांपैकी सुमारे अकरा महिने ते तुरुंगात होते. बाहेर लढ्याची सूत्रे दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ आदींच्या कृती समितीकडे होती. सीमेवर अहमदनगर, सोलापूर व विदर्भाच्या बाजूने छावण्या उभ्या राहिल्या. त्या छावण्यांना धान्य लागे, कापड लागे, पैसा लागे. आणि हे सारे बेगमी करून बसलेल्या, घाबरलेल्या घरांतूनच बाहेर आले. ज्या घराने शेजाऱ्याला मीठ दिले नाही त्याने छावणीला ज्वारीचे पोते दिले, असे का घडले असावे? माझ्या मते त्याचे उत्तर स्वामीजींच्या चारित्र्यात आहे. ज्या नेत्याला मुलगा नाही, जावई नाही, वाडा नाही आणि भगव्या खादीपलीकडे वस्त्र नाही, त्याच्या नावाने दिलेला दाणा वाटेत जिरणार नाही, हा लोकांचा भरवसा होता. व्यापारी माणूस शेवटी पत पाहून उधार देतो. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरी येथील स्टेट बँकेची शाखा आंदोलकांनी लुटली. त्या मार्गाविषयी मतभेद होऊ शकतात आणि अहिंसेच्या उपासकांना तो रुचणारही नाही, परंतु त्या रकमेचा हिशेब पुढे देण्यात आला, ही गोष्ट वाणिज्य शाखेच्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याला लढाईच्या वर्णनांपेक्षा अधिक लक्षात राहते.

नाकेबंदीविषयी मात्र मुक्तिसंग्रामाच्या बहुतेक पुस्तकांतून एखाद-दुसरे वाक्यच सापडते. निजामाच्या महालात मीठ कमी पडले नसेल. औषधावाचून अडले ते खेड्यातल्या तापकऱ्याचे. अखेर ज्या राज्यात विलीन व्हावयाचे त्याच राज्याच्या बाजूने आलेली ही झळ लोकांनी सोसली आणि तिच्याविषयी तक्रारीचा सूर काढला नाही. म्हणून ती नोंदली जाऊ नये असे नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली, दुसऱ्या दिवशी जनरल एल. एद्रूस यांनी जनरल जयंतनाथ चौधरी यांच्याकडे सैन्य सुपूर्द केले. स्वामीजी तुरुंगातून बाहेर आले. मिठाच्या गाड्या आल्या. पुरलेले कलदार वर निघाले. परंतु आनंदाच्या या दिवसांना एक काळी किनार आहे. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड अनेक ठिकाणी निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर उगवला गेला, घरे व दुकाने लुटली गेली. त्यांच्याही घरांत वर्षाची बेगमी होती. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. आपल्या लगतचे उस्मानाबाद व नांदेड हे जिल्हे सर्वाधिक झळ पोचलेल्यांत होते.

पुढील वर्षांत स्वामीजींना सत्तेचे पद सहज मिळण्यासारखे होते. त्यांनी मंत्रिपद घेतले नाही. काँग्रेसमधील गटबाजी, जुन्या सहकाऱ्यांशी झालेले मतभेद यांनी ते व्यथित झाले. १९५२ मध्ये गुलबर्ग्याहून आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून ते लोकसभेवर निवडून गेले. संस्थानाचे भाषावार त्रिभाजन व्हावे असा त्यांचा आग्रह होता आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते घडले. ते लोकसभेत असतानाच केंद्रीय अन्नमंत्री रफी अहमद किडवई यांनी धान्यावरील नियंत्रणे टप्प्याटप्प्याने उठविली. १९५४ पर्यंत रेशनिंग संपुष्टात आले. धान्य नाहीसे होईल अशी भीती अनेकांनी वर्तविली होती. पीकही बरे आले होते हे खरे, पण नियंत्रण उठणार हे दिसताच घरांतून व गोदामांतून दडलेले धान्य बाजारात आले आणि भाव उतरले. लेव्हीच्या दिवसांत जे उलटे चाक फिरले होते ते असे सुलटे फिरले.

१९६२ नंतर स्वामीजी निवडणुकीच्या राजकारणापासून दूर झाले. शिक्षणसंस्था व खादीचे कार्य यांत त्यांचा उर्वरित काळ गेला. नांदेडच्या शिक्षणसंस्थेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. पुढे त्याच शहरातील विद्यापीठाला आणि अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. हैदराबादेत बेगमपेठ येथे त्यांची समाधी आहे.

त्याच वर्षी पाऊस हुकला. माझ्या पिढीने पाहिलेली पहिली टंचाई ती. सिरसाळ्याच्या शिवारात खरीप गेला, रब्बी गेला, खडी फोडण्याच्या कामांवर शेतकऱ्यांच्या बायका आल्या आणि रेशनच्या दुकानातून परदेशी लाल मिलो घेण्यासाठी पिशव्यांच्या रांगा लागल्या. मिलोच्या भाकरीला चव नव्हती, मुले ती खाताना रडत. पण मिलो ठरल्या दिवशी येई, म्हणून ती घरात कोणी साठविली नाही. मिठाचीही आठवण तेव्हा कोणाला झाली नाही.